बाजरीचं डुक्कर परतूरला गेलं त्याची गोष्ट

"मका? मक्याला विचारतो कोण! डुकराला बाजरी भिजवून, भरडून द्या. दोन महिन्यांत हत्ती नाही झाला तर नाव बदलेन!" वामनराव येईल त्याला ऐकवायचे.

साल १९५७. बदनापूरजवळच्या माळावर सरकारी वराहपालन केंद्र नुकतंच उघडलं होतं आणि वामनराव तिथे हंगामी सुपरवायझर. डुकराला हात लागला की तीन तांबे अंगावर घेणारा माणूस! पण नोकरी कायम व्हायची तर बाजरी जिंकायलाच हवी होती.

साहेब वजन बघायला औरंगाबादहून येणार, आणि आदल्याच दिवशी केंद्राचा काटा मोडला. मोडणार नाही तर काय? डुक्कर त्यावर झोपलं होतं!

"टेसनात काटा हाय की, सायेब," राखणदार धुळाजी म्हणाला. जन्म मेंढरांमागे गेलेला. डुक्कर त्याला वेंधळं मेंढरूच वाटायचं.

स्टेशनात पार्सलबाबू अडून बसला. "बुकिंग केल्याशिवाय वजन न्हाई!"

"मग करा बुक!"

"कुठं?"

"कुठंही! परतूर लिहा."

"कुणाच्या नावानं?"

परतुरात वामनरावांना एकच नाव माहीत होतं. सासऱ्यांचं. तेच सांगून टाकलं.

वजन भरलं दोन मण सात शेर! वामनरावांनी पावती खिशात घातली. "धुळाजी, याला सोडून हलायचं नाही, बिलकुल!" असं बजावून ते नळावर गेले. तीन तांबे म्हणजे वेळ लागतोच. परत येतात तो गाडी सुटलेली! हमालांनी बाबूनं डुकराला लावलेली परतूरची चिठ्ठी वाचून ते इमानेइतबारे चढवलं होतं, आणि डब्याच्या दारातून धुळाजी ओरडत होता, "सायेब, मी न्हाई हलून राह्यलो! गाडीच हलून राह्यली!"

वामनराव पुढच्या गाडीनं परतूरला पोचले. सासऱ्यांच्या दारात अख्खी गल्ली जमलेली. डुक्कर बैलगाडीच्या चाकाला बांधलेलं. सासूबाई रमाबाई आतून कडी लावून रामरक्षा म्हणत होत्या. सासरे केशवराव, रिटायर हेडमास्तर, ओट्यावर बसून धुळाजीशी बोलत होते.

"जावईबापू, दिवाळीला तुमचं साधं पत्रही आलं नाही, आम्ही काही बोललो नाही. पण हे?"

"मामा, चूक झाली. वजनासाठी..."

"ते राहू द्या. इकडे या." केशवरावांनी आवाज उतरवला. "हा म्हणतो, याचं पोट रोज सकाळी साफ होतं?"

"घड्याळ लावून घ्या!" धुळाजी म्हणाला. "मका खात व्हतं तव्हा तीन-तीन दिवस नुस्तं कन्हत पडायचं. बाजरी सुरू झाली, मंग एकदम मोकळं!"

वीस वर्षं केशवरावांपुढे एरंडेल हरलं होतं, त्रिफळा हरला होता. त्यांनी गल्लीकडे पाठ केली. "किती वेळ भिजवायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा परसातून चक्क शीळ घालत आले! रमाबाईंनी लग्नानंतर ती पहिल्यांदाच ऐकली.

त्याच सकाळच्या गाडीनं वामनराव डुकरासह केंद्रावर परतले. साहेब येऊन बसले होते. पावती उलटसुलट बघून म्हणाले, "एका डुकरावरून काय सिद्ध होतं? दुसरीकडे कुठे करून पाहिलंय?"

नोकरी डोळ्यांसमोरून चालली होती. वामनरावांची जीभ सुटली. "पाहिलंय ना, साहेब! परतूरला! वय झालेलं आहे, वीस वर्षांची पोटाची तक्रार. एका खुराकात मोकळं!"

"वीस वर्षं? चिवट दिसतंय! शाब्बास!" साहेबांनी सगळं वहीत टिपून घेतलं. वामनराव तरंगतच घरी गेले.

पंधरा दिवसांनी सरकारी लखोटा आला. 'परतूर येथील प्राण्याचे वजन त्वरित कळवावे. सदर प्राणी येत्या मंगळवारी पाहणीसाठी केंद्रावर हजर करावा. वाहतुकीसाठी पिंजरा मंजूर.'

वामनरावांनी पोस्टकार्ड घेतलं. 'तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार' इथवर झरझर लिहिलं. त्यापुढे काय लिहावं, ते काही त्यांना अजून सुचलेलं नाही!