उन्हाला दारात अडवणारे नाना

सावेडीतल्या तमाम नागरिकांना कळवण्यात येते, की आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नानांच्या गाडीच्या आतले तापमान सदतीस अंश होते. हे निवेदन माझे नव्हे. आमचे शेजारी नाना ते रोज स्वतः फाटकात उभे राहून करतात आणि ऐकायला बहुधा मी एकटाच असतो. बाकीची कॉलनी पंख्याखाली घोरत पडलेली असते.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. साखर कारखान्याच्या गॅरेजमधून निवृत्त झाल्यावर नानांनी ती घेतली, बाकडी उपटली आणि आत पलंग, ओटा, पंखा आणि एक देव्हारा असा संसार मांडला. माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन गावोगाव हिंडायचे आणि झोपायचे गाडीतच. लॉजच्या गाद्यांवर नानांचा विश्वास नाही.

पहिलीच सहल वेरूळची निघाली, ती ऐन मे महिन्यात. नेवासा फाट्यापर्यंत पत्रा असा तापला की माईंना घेरी आली. नानांनी त्यांना रसवंतीच्या बाकावर तासभर आडवे केले, तोंडावर पाणी मारले आणि गाडी तिथूनच माघारी वळवली. घरी उतरताना माई एवढेच म्हणाल्या, "मला आपलं घर बरं." त्यानंतर त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही. त्या पुन्हा कधी बसतील का, या एका प्रश्नावर नानांनी अख्खे वर्ष घालवले.

"उनाला दारात आडवायचं, घरात आल्यावर न्हाई," हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्याप्रमाणे त्यांनी आधी शेडनेटची हिरवी जाळी टपावर ताणून बांधली, थेट पत्र्याला चिकटवून. दुसऱ्या दिवशी आतला पारा उलट एक अंशाने चढला.

"नाना, जाळी ऊन अडवते ना?" मी साळसूदपणे विचारले.

"आडवती, पन पत्र्याच्या मांडीवर बसून आडवती. कांदा साठवायच्या चाळीला खालून वारा लागतो का न्हाई? मग गाडीनं काय पाप केलंय?"

लगेच कळकाचे बारा खांब आले, गाडीभोवती हातभर खोल पुरले गेले आणि टपाच्या दोन फूट वर मांडव उभा राहिला. येणारेजाणारे विचारू लागले, लग्न कुणाचे? नाना चेहऱ्यावरची रेषाही न हलू देता सांगत, "गाडीचं."

मांडवाने डोक्यावरचे ऊन थांबले, तर पश्चिमेचे तिरके आत घुसू लागले. नेवाशाकडे नानांच्या भाच्याची डाळिंबाची बाग आहे. उन्हाने फळाला चट्टे पडू नयेत म्हणून तिकडे झाडांवर जुन्या साड्या टाकतात. नानांनी तिथून साड्यांचे एक गाठोडे उचलून आणले आणि त्या मांडवाच्या चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकल्या. दुसऱ्या दिवशी आमची ही गच्चीत कपडे वाळत घालताना एकदम थबकली.

"ती जांभळी माझी आहे. बोहारणीला दिली होती, पातेल्यावर."

"वैनी, पातेलं तुमाला, सावली मला," नाना खालून म्हणाले. हिने तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो कळलाही नाही. ते तेव्हा घोसाळ्याचा वेल मांडवावर चढवत होते.

एकदा भर दुपारी मी गाडीत डोकावलो, तर नाना बनियनवर पलंगाच्या अगदी कडेला, पत्र्याला गाल लावून पडलेले. पंखा दुसऱ्या बाजूला फिरत होता.

"इकडे सरका की, वारा इकडे आहे," मी म्हणालो.

"ती भिंतीकडंच निजती," ते डोळे न उघडता म्हणाले. "हितं किती तापतं ते बघतोय."

मी घरी जाऊन झोपलो.

परवा दुपारी वीज गेली. माई भाजीला घोसाळी तोडायला मांडवात आल्या. घरात उकाडा होता म्हणून गाडीच्या पायरीवर टेकल्या. मग आत गेल्या. मग पलंगावर आडव्या झाल्या. नाना बाहेर काठी घेऊन उभे होते, आणि एका भंगारवाल्याला त्यांनी नुसत्या नजरेने दुसऱ्या गल्लीत पाठवले.

साडेचारला माई उठल्या. पदर सारखा करत पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, गार हाय की आत. उद्या सकाळी निघू या, वेरूळला."

नानांनी गाडीकडे पाहिले. मीही पाहिले. बारा खांब जमिनीत रुतलेले, साड्या ठोकून पक्क्या झालेल्या, वेल पुढच्या चाकात गुंतून स्टेअरिंगपर्यंत पोचलेला. ही वस्तू चालते, हे वर्षभरात आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

"नाना, कोयता आणू का?" मी विचारले.

त्यांनी एका खांबाला हात घातला, तो थोडा हलवला आणि पुन्हा तसाच धरून ठेवला. माई वाट बघत होत्या. त्यांच्याकडे न बघताच नाना बोलून गेले, "अगं, पन बाहेर लई ऊन हाय."