कुठली द्रोसुला?

आमच्या हांबिसला लपवाछपवीचा भारी सोस, आणि आवाज मात्र चर्चच्या घंटेएवढा. माझा धाकटा भाऊ. वय एकोणसत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झाली. साथीच्या दिवसांत माझ्या लेकीने घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ते सरकारी ॲप घातलं. आजारी माणसाजवळ बसलात तर फोन सांगतो, नाव मात्र कुणाचंच घेत नाही. हांबिसने आपला फोन खिशात घातला आणि वर हात ठेवला. मी कुठे जातो, कुणाजवळ बसतो, ते तिकडे राजधानीत, निकोसियातल्या कारकुनांनी का बघायचं, म्हणाला. कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनी त्याला शाबासकी दिली. गावात कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय हे रोज सकाळी बसून ठरवणारे म्हातारे ते.

मग शनिवारी हांबिसला ताप भरला आणि तपासणीत रोग निघाला. मी त्राहानाचं, म्हणजे आंबट दूध-गव्हाच्या वाळवणाचं, गरम सूप त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि लांब अंगणात खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात आरोग्य खात्यातल्या बाईंचा फोन आला. हांबिसला ऐकू कमी येतं, म्हणून तो फोन स्पीकरवर लावतो. घरात रेंज नाही, म्हणून गॅलरीत येऊन बोलतो. गल्लीतल्या खिडक्या आपोआप उघडल्या.

बाईंनी विचारलं, दोन दिवसांत पाव तासाहून जास्त कुणाकुणाजवळ बसलात? त्याने माझं नाव सांगितलं, न्हाव्याचं सांगितलं, पाद्रीबाबांचं सांगितलं. आणखी कोणी? हांबिस कठड्यावरची धूळ पुसू लागला. त्याचे कान लाल झालेले मला खालून दिसले.

"हांबिस, लपवू नकोस," मी म्हटलं. "त्या माणसाच्या घरी कुणी म्हातारं असेल तर?"

ते त्याला लागलं. कारण होतंच. त्या घरी ब्याण्णव वर्षांची आई होती, अंथरुणाला खिळलेली. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या मते कुजबुजत म्हणाला, "द्रोसुला. पिएरींची." पलीकडच्या कोंबड्या फडफडल्या. बाई पुढचं विचारेपर्यंत त्याने फोन बंद केला.

आता, आमच्याकडे आजीचं नाव नातीला द्यायचं. पिएरींच्या कधीच वारलेल्या थोरल्या द्रोसुलाला तीन मुलगे, तिघांना एकेक मुलगी. म्हणजे पिएरींच्या तीन द्रोसुला. खात्याने काय करावं? तिघींनाही फोन करून घरात बसवलं. एक बेकरीवाल्याची बायको, भट्टीचं सगळं तिच्याच हातात. तासाभरात बेकरी बंद. दुसरी बसचालक पानिकोसची. तिसरी शिवणकाम करणारी विधवा, हांबिसच्या समोरच राहते.

दुपारी पावाची वाट बघणारं अर्धं गाव गल्लीत, आणि त्यांच्या पुढे पीठ माखलेला बेकरीवाला. तो ओरडला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

"हांबिसभाऊ, माझी बायको पाव तास तुझ्याजवळ काय करत होती?"

"ती नव्हे रे बाबा."

मागून पानिकोस पुढे आला. "मग माझी?"

"तुझीही नव्हे."

इतकी सोपी वजाबाकी गावाने कधी केली नव्हती. सगळ्या माना एकदम समोरच्या खिडकीकडे वळल्या. हांबिसने कठडा घट्ट धरला. मला वाटलं, आता ती खिडकी उघडायचीच नाही आणि हा माझा वेडा भाऊ उरलेलं आयुष्य एकटाच सूप पिईल.

खिडकी उघडली. द्रोसुला तोंडाला मास्क बांधून उभी होती.

"दोन वर्षं माझ्याकडे येऊन बसतोस," ती म्हणाली, "आणि माझं नाव घ्यायला तुला ताप यावा लागला?"

मग तिने सांगितलं, आईला तिने लगेच वेगळ्या खोलीत हलवलंय, शेजारीण बघतेय. पुढे पाचव्या दिवशी दोघींच्याही तपासण्या साफ निघाल्या. बेकरीची भट्टी पुन्हा पेटली आणि लोकांनी पावासोबत ही गोष्टही घरोघर नेली.

त्या दिवशीही हांबिस गॅलरीत तोंड पाडून बसलेला, मी खाली अंगणात. म्हणाला, ताई, माझी अब्रू गेली, माझं खासगी असं काही राहिलं नाही. मी खुर्चीवरून उठले.

"ऐक, हांबिस. ते ॲप असतं तर त्याने तिला गुपचूप कळवलं असतं, तुझं नाव न घेता. तू तिचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतलंस, तेही तिच्या आईच्या जिवासाठी. एकोणसत्तर वर्षांत एवढं एकच काम धड केलंस. आता बरा हो, दाढी कर आणि भर दिवसा तिच्या पुढच्या दाराने आत जा."