खंदकातली अडीच फूट जागा

गोमाभाऊ टेलर गिऱ्हाइकाला आधी बसवून मोजत. गावात मास्तर म्हणून आलो त्याच आठवड्यात मी पँट शिवायला गेलो, तर त्यांनी मला बाकावर बसवलं, मागून टेप लावला आणि मापांच्या वहीत लिहिलं, "पंधरा."

"पँटला हे माप कशाला?"

"पँटीचं नाई, मास्तर. खंदकाचं. तिसरी लढाई लागली त कुठी बसान? तुमची जागा सोनाबाईच्या बाजूले करून देतो."

आमचं गाव पोंभुर्ण्यापासून दोन कोसांवर. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला सागाचं जंगल. अमेरिका किंवा रशियानं या गावावर बॉम्ब टाकावा असं कारण मला काही सापडलं नाही. एसटीलासुद्धा आमचं गाव दिवसातून एकदाच सापडायचं.

तरी दुकानामागे गोमाभाऊंनी एकट्यानं खंदक खणला होता. छातीएवढा खोल, नागमोडी. एकाहत्तर साली ते नागपुरात एका दुकानात शिवत, तेव्हा तिथल्या मैदानात असे खंदक त्यांनी पाहिले होते. आत बसायला मातीचा ओटा, ओट्यावर ओळीनं उभ्या विटा. दोन विटांमधली जागा एका माणसाची, वहीतल्या मापाप्रमाणे. दिवाळीचे कपडे शिवताना कोणाचं माप वाढलं की गोमाभाऊ खाली उतरून वीट सरकवत आणि त्या माणसाला दुकानात सगळ्यांदेखत ऐकवत, "सरपंच, दोन इंच वाढले तुमी. आता सोनाबाई काय मांडीवर बसन?"

या गावात पंगती वेगळ्या बसायच्या. पाटील गोमाभाऊंकडून सदरे शिवून घेत, पण त्यांच्या घरचं पाणी घेत नसत. खंदकात मात्र पाटलांची जागा बरोबर गोमाभाऊंच्या शेजारी होती. पाटील ते कळल्यावर तणतणत आले.

"गोमा, मले तुया बाजूले बसवतं?"

"मंग वरतं बसा, पाटील. वरतं बहुत जागा हाये."

पाटील दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली वीट जागेवर आहे ना, ते कोणाला तरी पाठवून बघून घेतलं. आमच्या गावात समतेची एकच पंगत मांडली गेली, आणि तीही जमिनीखाली.

ते दिवसही तसेच होते. युरोपात क्षेपणास्त्रं मांडली जात होती, इराण-इराकची लढाई थांबत नव्हती. मशीनच्या शेजारी रेडिओ सतत चालू. "माप घेतल्याबिगर कात्री लावाची नाई" हा गोमाभाऊंचा धर्म. मोठ्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांवर त्यांचा राग त्याच कारणानं होता. "याइनं दुनियेचं माप घेतलंच नाई, अन् कात्री चालवून राह्यले." सगळ्या बातम्यांभर मशीन खडखडत असे. फक्त आपल्या सीमेची बातमी आली की त्यांचा पाय पायडलवर थांबायचा. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही.

कारण आमचं भांडण होतं. मी चंद्रपुरात छापून आणलेली पत्रकं बाजारात वाटायचो. मथळा मोठ्या अक्षरात: युद्ध नको. खंदक खणणं म्हणजे युद्ध आधीच कबूल करणं, असं मी त्यांना रोज सुनावायचो. ते शांतपणे ऐकायचे आणि पत्रकं खळीनं एकमेकांना चिकटवून त्यातून ब्लाउजचे नमुने कापायचे.

"कागद चांगला हाये तुमचा. वाचत कोणी नाई, पण पाठ मस्त बसते."

मग एके दिवशी सरपंचांची म्हैस खंदकात पडली. बारा माणसांनी दोर लावून ती वर काढली. गोमाभाऊ एवढंच म्हणाले, "सरपंचाच्याच जागेत बसली. माप बरोबर आलं." सरपंच हसले नाहीत. धानाची कापणी झाली की पहिल्या रविवारी खंदक बुजवायचा, असं त्यांनी पंचायतीत ठरवून टाकलं.

मला तत्त्व जिंकल्याचा आनंद झाला. पण गोमाभाऊंची भाकरी कमी झाली, असं त्यांच्या बायको कौसाबाई सांगू लागल्या. शेवटी गोमाभाऊ माझ्याकडे आले. "मास्तर, एक अर्ज लिहून द्या. खंदक राहू द्या म्हणून."

अर्जात जागांचा आकडा हवा, म्हणून मी खंदकात उतरलो. तीस जागा भरल्या. एकतिसावी पायऱ्यांजवळ होती, चांगली अडीच फूट रुंद.

"ही कोणाची? माप किती?"

"अंदाज हाये," गोमाभाऊ म्हणाले आणि वर निघून गेले.

अंदाज हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

उत्तर कौसाबाईंनी दिलं. "मालती आमची पोरगी. फौजवाल्याशीच लग्न करतो म्हणे. हे म्हणे, लढाईतल्या माणसाले पोरगी देऊन तिचं कपाळ पांढरं करू काय? लग्नाले गेलेच नाई. साऱ्या गावच्या नवरदेवाचे कोट यायनं शिवले, जवायाचं मापच नाई घेतलं. तीन वर्षं झाली. तो तिकडं बर्फात उभा, अन् हे इथी रेडिओले कान लावून. तुमी म्हणता, लढाईले भेतात."

मी तसंच म्हणत होतो.

अर्ज सरपंचांनी फेटाळला. पण अर्ज लिहिला त्याच दिवशी कौसाबाईंनी मला लेकीला एक पत्र लिहायला सांगितलं होतं. जावई सुट्टीवर येणारच होता, सासऱ्याच्या दारात यायचं तेवढं धाडस नव्हतं. मी लिहिलं: खंदकात तुमच्यासाठी जागा राखली आहे. बुजायच्या आत येऊन जा.

रविवारी सरपंच आठ माणसं आणि फावडी घेऊन खंदकापाशी उभे होते, तेव्हा एसटीतून मालती उतरली. मागे एक सडपातळ, उन्हानं रापलेला तरुण, हातात ट्रंक.

गोमाभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग गळ्यातला टेप काढून म्हणाले, "बस."

जावई बाकावर बसला. टेप मागून फिरला.

"चौदा. खायाले देत नाई काय तुमाले?"

ते स्वतः खाली उतरले, वीट उचलून चौदा इंचांवर ठेवली आणि तिथूनच विचारलं, "सुट्टी किती?"

"एक महिना, मामाजी."

"सरपंच, महिनाभर राहू द्या. हा गेल्यावर खुशाल बुजवा."

सरपंचांनी फावडं खांद्यावर घेतलं. "बाकी माय्या जागेत काही पडू देऊ नोको," एवढं म्हणून ते घरी गेले.

गोमाभाऊ वर आले. "आता उभे राहा. कोटाचं घेतो. तीन वर्षाचं राह्यलं हाये." खांदे, पाठ, हात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, कागद आना जी."

मी शिल्लक होती तेवढी सगळी पत्रकं आणून दिली. त्यांनी ती खळीनं जोडली, जमिनीवर पसरली आणि गुडघ्यावर बसून पाठीचा नमुना कापायला घेतला. कात्री 'युद्ध नको'पाशी आली तेव्हा थांबली. गोमाभाऊंनी कागद थोडा सरकवला, आणि ती ओळ अख्खी राहील असं बघून पुढे कापलं.