मागच्या सीटवरची साक्षीदार

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी इंग्रजीचे तीन वर्ग होते: साहित्य, कथालेखन आणि व्यवहारलेखन. त्यांपैकी एकच निवडायचा होता. मुलीने जेवता जेवता आपली निवड सांगून टाकली.

"मला कथालेखन घ्यायचंय."

"पाणी दे जरा," वडील म्हणाले.

वडील मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि त्यावर पाय ठेवून त्यांनी गावातली निम्मी माणसं रस्त्यावर आणली होती, अर्थात चांगल्या अर्थाने. शिकणारे सगळे त्यांना काका म्हणत. इतक्या वर्षांत ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरातही कुणी काही ठरवू लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. आताही तो टेबलाखाली दाबलेलाच होता.

"अर्ज, अहवाल, तक्रारी लिहिता आल्या तर कुठेही नोकरी मिळते," ते म्हणाले. "गोष्टी काय, सुचल्या तर सुचल्या."

"आणि नाही सुचल्या तर?"

"तेच तर म्हणतोय मी."

आई दोघांना वाढत राहिली. या वादात आपण बोललो तर दोघंही आपल्यावरच उलटतील, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. निवडीच्या कागदावर पालकांची सही लागत होती आणि कागद आठवडा संपायच्या आत शाळेत द्यायचा होता. काकांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणजे निर्णय कुणाच्या खिशात आहे, हे सगळ्यांना कळलं.

योगायोग असा की कथालेखन शिकवणाऱ्या बाई काकांकडेच गाडी शिकत होत्या. लायसन्सच्या परीक्षेत त्या वारंवार नापास झाल्या होत्या. रस्त्याची त्यांना भीती नव्हती, नियम तोंडपाठ होते. पण वर्गातली एक चांगली सवय गाडीत त्यांच्या मुळावर येत होती. कुणी काही विचारलं, की त्या विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहूनच उत्तर देत. म्हणून काका शिकवताना त्यांना प्रश्न कधीच विचारत नसत. "आता डावीकडे," "आता हळू," एवढंच.

गाडी मागे घेण्याचा सराव शाळा सुटल्यावर शाळेच्याच मोकळ्या आवारात चाले. मुख्याध्यापकांनी तशी खास परवानगी दिली होती. त्या दिवशी मुलगी वाचनालयातून आली आणि मागच्या सीटवर बसून पुस्तकात बुडाली. काकांच्या खिशातला कागद त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी तो काढला, मांडीवर उघडला, आणि बाई गाडी मागे घेत असतानाच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाई, खरं सांगा. गोष्टी लिहून कुणाचं भलं झालंय का हो?"

बाईंनी आरशावरची नजर काढून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "काका," त्या मनापासून म्हणाल्या, "तुमची मुलगी..."

पुढचं वाक्य मुख्याध्यापकांच्या नव्या गाडीच्या दारात घुसलं.

मुख्याध्यापक बाहेर आले. ते संतापले नाहीत. ते स्वतः व्यवहारलेखन शिकवत आणि कुठलीही घटना कागदावर आल्याशिवाय घडली असं मानत नसत. त्यांनी दारावरच्या पोच्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हटलं, "लेखी द्या."

"सर, झालं काय की..." काकांनी सुरुवात केली.

"तोंडी काही नको. चूक कुणाची ते वाचून ठरवू. बाईंची असेल तर त्यांची सरावाची परवानगी रद्द. तुमची असेल तर उद्यापासून तुमच्या गाडीला फाटक बंद." मग त्यांचं लक्ष मागच्या सीटकडे गेलं. "ही आत होती ना? हिनेही लिहावं. तिघांनी वर्गात तीन बाकांवर बसा."

अशा रीतीने काका कैक वर्षांनी बाकावर बसले. त्यांचा कागद सर्वांत आधी झाला. मुख्याध्यापकांनी तो वाचला: 'गाडी मागे घेत होतो. मागे गाडी होती.'

"यात अपघात कुठेय?"

"दुसऱ्या वाक्यानंतर, सर."

बाईंनी तीन पानं भरली होती. मुख्याध्यापक बराच वेळ वाचत राहिले. "बाई, भिंतीवरचं ऊन चांगलं उतरलंय," ते म्हणाले. "पण दुसऱ्या पानाच्या शेवटापर्यंत तुम्ही गाडीत बसलेल्याच नाहीत."

मग त्यांनी मुलीचा कागद घेतला आणि मोठ्याने वाचला: 'डावीकडच्या भिंतीलगत एक पांढरा कुत्रा येत होता. त्याच्या एका कानावर काळा डाग होता. चालताना तो मागचा एक पाय किंचित उचलत होता. तापलेली फरशी संपून जिथे सावली सुरू होते तिथे, आमच्या चाकाजवळ, तो थांबला. बाईंनी त्याला वाचवण्यासाठी स्टिअरिंग वळवलं. गाडी सरांच्या दाराला लागली. कुत्रा निघून गेला.'



"याला म्हणतात लेखन," मुख्याध्यापक म्हणाले. "मत नाही, अलंकार नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. काका, ही मुलगी माझ्या वर्गात यायला हवी."

बाईंनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. "हो की," त्या हळूच म्हणाल्या. "लंगडत होता बिचारा."

पहारेकऱ्याला बोलावण्यात आलं. असा कुत्रा आवारात येतो का, असं विचारताच आपल्या कामात कसूर निघतेय असं समजून तो म्हणाला, "रोजच येतो, साहेब. कितीदा हाकलला." मुख्याध्यापकांनी फाटकाखालची फट बुजवायचा हुकूम दिला. चूक कुणाचीच ठरली नाही.

काका घरी आले ते उडतच. फाटक उघडं राहिलं होतं आणि वर्गाचा प्रश्नही परभारे सुटला होता. त्यांनी बसल्या बसल्या 'व्यवहारलेखन' या शब्दापुढे खूण करून सही ठोकली आणि बायकोला सगळी हकिकत सांगितली.

"अगं, असा भिंतीला अंग घासत येत होता बघ. मला वाटलं आता जातो पुढे, तर हा चाकापाशी उभाच. शेपटी पण..."

"बाबा," मुलगी म्हणाली, "कुत्रा नव्हता."

"नव्हता कसा? मी पाहिलाय ना."

"मी लिहिलाय तो. मी पुस्तक वाचत होते. धक्का बसला तेव्हा मान वर केली."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती स्वतःचं हसू आवरायच्या मागे लागली होती. पदर तोंडाशी धरून उठली आणि आत गेली.

"मग हे सुचलं कुठून?"

"कुणाचीच चूक नसेल असं काहीतरी हवं होतं. आधी सायकल घेतली होती. पण सायकलवर माणूस लागतो, मग त्याचं नावगाव लागतं."

"आणि तो पाय?"

"नुसता कुत्रा लिहिला असता तर सरांना पटलं नसतं." ती पुढे म्हणाली, "खोटं लिहिलं, ते चुकलंच माझं. पण तुमचं फाटक बंद झालं असतं."

भिंत, ऊन, कुत्रा असं सगळं मनातून एकेक बाजूला सारत गेल्यावर तळाशी जे उरलं, ते काकांना फारसं आवडलं नाही. मांडीवर कागद, तोंडात प्रश्न, आणि ब्रेकवर नसलेला पाय.

सकाळी ते मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले. "सर, चूक माझी होती. बाई गाडी मागे घेत असताना मी त्यांना बोलण्यात गुंतवलं. माझा पाय ब्रेकवर नव्हता. कुत्राबित्रा काही नव्हता तिथे. पोरीने मला वाचवायला लिहिलं."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "तुम्ही भले माणूस आहात, काका. बाईंवर ठपका नको म्हणून स्वतःवर ओढवून घेताय. पण उपयोग नाही. आज सकाळी मी त्याला प्रत्यक्ष पाहिला."

"कुणाला?"

"कुत्र्याला. व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. डाग डाव्या कानावर आहे. फट अजून बुजवलेली दिसत नाही."

काकांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी खिशातला कागद काढला, मुख्याध्यापकांच्याच टेबलावर टेकवून कालची खूण खोडली, वरच्या ओळीत दुसरी केली आणि कागद पुढे सरकवला.

"कथालेखन?" मुख्याध्यापक चक्रावले. "अहो, इतकी अचूक लिहिणारी मुलगी तिथे जाऊन काय करणार?"

"तुमचा विषय तिला येतोच, सर," काका म्हणाले. "दुसऱ्यात अजून कच्ची आहे. डाग कुठल्या कानावर, ते सांगायचं राहिलं तिचं."