दोन जिलब्या

सोनिकाच्या लग्नात पहिला फेटा कुणाच्या डोक्यावर बांधायचा, यावरून शितोळे बंधूंचं बोलणं बंद झालं, ते साल २०२२. थोरले मल्हारराव हरिशंकरपुरमच्या घरात खाली राहायचे, धाकटे दिनकरराव वर. नातीचं लग्न पार पडलं, पण घरातला जिना ओस पडला.

महिन्याभरात मल्हाररावांच्या शुगरची तपासणी निघाली. पत्नी उषाताई सोबत म्हणून कंपू भागातल्या दवाखान्यात गेल्या. "आलेच आहे, तर मलाही दाखवून घेते," म्हणाल्या.

चार दिवसांनी सकाळी मल्हाररावांच्या ताटलीत डाळ भरलेली पुरी, बेडई आली आणि बेडईशेजारी दोन जिलब्या. शुगर निघाल्यापासून नऊ वर्षांत या घरात त्यांना जिलबीचा वासही कुणी लागू दिला नव्हता.

"हे काय?"

"जिलबी," उषाताई म्हणाल्या.

"ते दिसतंय. मला का?"

"खा मुकाट्यानं. गरम आहे."

मल्हाररावांनी खाल्ली, पण उषाताईंच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता. दुपारी सुनेनं, विनितानं, टीव्हीचा रिमोट स्वतः आणून त्यांच्या हातात दिला.

"बाबा, आप देखो ना. माझी सिरीयल काय, कधीपण बघता येते."

विनिताच्या तोंडून हे ऐकून त्यांना घाम फुटला. संध्याकाळी तर दिनकरराव जिना उतरून आले. हातात सफरचंदं.

"दादा, सगळं ठीक ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"तेच. तुला माहीत आहे ते."

दिनकररावांनी विनिताकडे पाहिलं, विनितानं पंख्याकडे. मल्हारराव समजले. आपले दिवस भरले.

दुसऱ्या दिवशी देवघराच्या खालच्या कप्प्यात, वातींच्या डब्यामागे, त्यांना दवाखान्याची फाईल सापडली. वरच्या कागदी पट्टीखालून 'शितोळे' एवढंच दिसत होतं. सात पिढ्या तलवार चालवलेल्या घराण्यात ती पट्टी काढायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही. फाईल काखेत धरून त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"आता लपवू नका. शितोळे मरणाला भीत नाहीत. दिनकर, फेट्याचं माझं चुकलं. विनिता, तुझ्या भाजीला मी नावं ठेवली. भाजी वाईटच होती, पण मी बोलायला नको होतं."

"बाबा, रुको तो..."

"मध्ये बोलू नकोस. मरणारा माणूस बोलतोय."

"आधी नाव तर वाचा," उषाताई म्हणाल्या.

मल्हाररावांनी पट्टी काढली. उषा मल्हारराव शितोळे.



"पोटात गाठ आहे," उषाताई म्हणाल्या. "गुरुवारी ऑपरेशन. तुम्हाला सांगितलं असतं, तर माझ्याआधी तुम्हीच भरती झाला असता."

"आणि जिलबी?" मल्हाररावांनी विचारलं.

"माझं काही झालं, तर मागे तुम्हाला कोण देणार आहे? म्हटलं, चार दिवस खाऊन घ्या."

मल्हाररावांनी फाईलची पट्टी पुन्हा नीट लावली.

"मला नको जिलबी," ते म्हणाले. "तू घरी ये. मग बघू."

गुरुवारी दोघं भाऊ दवाखान्याच्या एकाच बाकावर, एकाच शालीत दिवसभर बसून होते. गाठ साधी निघाली. दहाव्या दिवशी उषाताई घरी आल्या. अकराव्या दिवशी मल्हाररावांच्या ताटात कारलं आलं.

"बघू म्हणाला होतात ना? बघा."

उषाताई आजही ठणठणीत आहेत. मल्हारराव २०२४च्या कार्तिक पौर्णिमेला पहाटे झोपेतच गेले. आदल्या आठवड्यात शुगर तपासली होती. अगदी नॉर्मल होती.