मोरेबाईंचे डबे

आइस्क्रीमचा रिकामा डबा मायक्रोवेव्हमध्ये किती वेळ ठेवायचा, हे मला माहीत नव्हतं. तो ठेवायचाच नसतो, हे तर मुळीच माहीत नव्हतं. बायको माहेरी, पाचाडला गेलेली. तळमजल्यावरच्या मोरेबाईंनी माझ्यासाठी वालाचं बिरडं पाठवलं होतं, तेही नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यातून. स्टील आत ठेवलं की ठिणग्या उडतात, एवढं विज्ञान मला येतं. म्हणून मी बिरडं त्या आइस्क्रीमच्या डब्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं, बटण दाबलं आणि बातम्या बघत बसलो.

थोड्या वेळाने वास आला. महाडात कसलाही वास आला की आम्ही आधी वारा केमिकलच्या कारखान्यांकडून येतोय का ते बघतो. मीही उठून खिडकी लावली. वास वाढला. तेव्हा कुठे स्वयंपाकघरात गेलो आणि मायक्रोवेव्हचं दार उघडलं. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने जेवलेला व्याही जसा एका कुशीवर कलतो, तसा डबा कलला होता. झाकण मधोमध खचून बिरड्यात उतरलं होतं.

तेवढ्यात दारात मोरेबाई. गुडघे धरत जिना चढून आल्या होत्या.

"वास कसला रे, रवी?"

"काही नाही बाई. जेवण गरम करत होतो."

"जेवण का डबा?"

मला बाजूला सारून त्या आत गेल्या. सांडशीने डबा बाहेर काढला आणि चष्मा वर करून आत पाहिलं. "अर्धा डबा बिरड्यात गेला नि तू त्यात भाकरी बुडवणार व्हतास?"

"वरवरचं काढून टाकलं असतं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वर्गात असतो तर उभं राहायची शिक्षा झाली असती. उभा मी होतोच. त्यांनी बिरडं टाकून दिलं, मला खाली नेलं आणि कढईतलं ताजं वाढलं. मी जेवत असताना त्या तो वाकडा डबा इतक्या मन लावून घासत होत्या की मला शंका यायला लागली. ती सकाळी खरी ठरली. इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला तो डबा सुतळीने टांगलेला होता आणि त्याखाली खडूच्या वळणाच्या सुबक अक्षरांत पाटी: 'हे डब्याचं झालं. पोटाचं काय झालं असतं?' माझं नाव लिहिलं नव्हतं. गरजही नव्हती. डब्यावर पिस्ता असं छापलं होतं आणि आमच्या इमारतीत पिस्ता फक्त आम्ही खातो.

मोरेबाईंनी सगळी नोकरी पोलादपूर तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये केली. निवृत्त झाल्यावर त्या महाडला आमच्या इमारतीत राहायला आल्या. यजमान त्याआधीच गेले. बाई एरवी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलतात. चिडल्या की शाळा सुटते आणि गाव बोलायला लागतं. आता त्या निवृत्त असल्यामुळे शाळा बराच वेळ सुटलेलीच असते.

त्यांचं भांडण प्लास्टिकशी नाही, तापलेल्या प्लास्टिकशी आहे. "डाळ ठेव, तांदूळ ठेव, माझं काय नाय. पण तापवू नको. प्लास्टिक तापलं की त्याला घाम सुटतो. तो घाम जातो कुठं? कालवणात." हे विज्ञान कितपत खरं, मला सांगता येणार नाही. एकदा मी पतपेढीतला माझा जेवणाचा डबा त्यांच्यापुढे पालथा धरला. तळाशी खूण होती. म्हटलं, "बाई, वाचा. मायक्रोवेव्ह सेफ."

बाईंनी वाचलं. "म्हंजे डबा सेफ. तो वितळणार नाय. तुझ्या पोटाचं कुठं लिवलंय? दाखव."

मी डब्याच्या चारही बाजू बघितल्या. पोटाचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही डबा आधी पालथा करून बघतो. एकदा तर आतल्या आमटीसकट केला.

बाई प्रवासाला निघाल्या की पिशवीत किटली असते. पोलादपूरच्या स्टँडवर गरम चहा पातळ पिशवीत बांधून देतात, त्याचा त्यांना मनस्वी संताप. एकदा महाबळेश्वरच्या गाडीत मी त्यांच्यासोबत होतो. चहावाल्याने पिशवीला गाठ मारून ती खिडकीशी वर धरली.

"पिशवीतनं मासं आणतात रे! चहा? ओत हितं." बाईंनी खिडकीतून किटली बाहेर काढली.

"बाई, गाडी सुटतेय."

"सुटू दे."

गाडी सुटली नाही. कंडक्टर बाईंचा विद्यार्थी निघाला. पोलादपुरात कंडक्टर बाईंचा विद्यार्थी नसेल तर बाईंच्या विद्यार्थ्याचा मुलगा असतो. चहा किटलीत ओतला गेला, झाकणातून अर्धा मला मिळाला, आणि मगच गाडी आंबेनळी घाटाकडे वळली.

महिला दिनाला आमच्या सोसायटीने सगळ्या बायकांना रंगीत प्लास्टिकच्या डब्यांचा संच भेट दिला. अध्यक्षांच्या पत्नी सावंतवहिनी मोठ्या हौसेने वाटत होत्या. बाईंनी संच हातात घेतला, उलटा केला, वाचला आणि परत केला.

"अहो बाई, आता सगळं जग यातच गरम करतं," वहिनी म्हणाल्या.

"मग जगाला सांग, मोरेबाई करत नाय म्हणून."

वहिनींनी जगाला सांगितलं की नाही ठाऊक नाही, पण सगळ्या इमारतीला नक्की सांगितलं.

बाईंचे स्वतःचे डबे सगळे स्टीलचे, आणि प्रत्येकावर मशीनने नाव घातलेलं: सु. रा. मोरे, पोलादपूर. महाडला येऊन इतकी वर्षं झाली तरी नवीन डबाही पोलादपूरचाच असतो. इमारतीतल्या प्रत्येक घरात त्यांचा एखादा डबा भरून जातो. तो धुऊन परत द्यायचा, आणि रिकामा द्यायचा नाही, एवढं सगळ्यांना कळतं. काही नसलं तर निदान चार पोहे, गुळाचा खडा.

आमच्याकडे मात्र गोंधळ असायचा. सकाळी जिन्यातूनच आवाज यायचा, "मनीषाऽऽ, माझा डबा गो!" की माझी बायको कपाळाला हात लावायची, "अगंबाई, विसरलेच बघा!" मग बाई वर यायच्या, बसायच्या, चहा प्यायच्या, मनीषाला विसरभोळेपणावरून आणि मला पोटावरून बोलायच्या, गावाकडच्या चार गोष्टी सांगायच्या आणि डबा घेऊन जायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरा डबा राहिलेला असायचा. माझ्या चुलतभावाने वीस वर्षांपूर्वी लग्नात काय टोमणा मारला तो हिला शब्दशः आठवतो, आणि शेजारणीचा डबा आठवत नाही? मी हे बोलून दाखवलं की ती कणीक मळत राहायची.

मागे पूर आला तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरातली निम्मी भांडी सावित्री नदीने नेली. सगळ्यांचंच गेलं होतं, डब्यांचं दुःख करायला कुणाला सवड नव्हती. चिखल काढून झाल्यावर कितीतरी दिवसांनी खालच्या अंगाच्या एका गावातला माणूस विचारत विचारत आला. आधी पोलादपूरला जाऊन आला होता, कारण डब्यावर तसं लिहिलं होतं. चेमटलेला डबा त्याने बाईंच्या हातात दिला. आत सुकट भरलेली.

"नदीनं नेला, माणसानं भरून आणला," बाई ज्याला त्याला सांगायच्या. "प्लास्टिकचा असता तर कुणी आणला असता काय रे?" तो चेमटलेला डबा त्या कुणालाच देत नाहीत.

बाईंची मुलगी वैशाली खारघरला असते. नोकरी, घर, गाड्यांची गर्दी. वर्षातून दोनदा येते, संध्याकाळच्या आत निघते. जाताना बाई तिला गाडीची डिकी भरेल इतकं देतात. डबे तिकडेच राहतात. "माळ्यावर आहेत गं आई, पुढच्या वेळी आणते," असं ती म्हणते. पुढच्या वेळी डबे माळ्यावर आणखी वाढलेले असतात.

माझ्या पिस्ता प्रकरणानंतर थोड्याच दिवसांनी वैशालीचा फोन आला. रविवारी येते, पण स्टीलचे डबे भरू नकोस, मी प्लास्टिकचे घेऊन येते, नाहीतर काहीच नेणार नाही. बाईंनी हे इमारतभर सांगितलं आणि वर जाहीर केलं, "बघतेच कशी नेत नाय ती!"

रविवारी मला साक्षीला बोलावणं आलं. ओट्यावर बिरडं, कोलंबीचं सुकं, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांचा ढीग. एका बाजूला स्टीलचे डबे, दुसऱ्या बाजूला वैशालीने आणलेली प्लास्टिकच्या डब्यांची चळत. दोघी मायलेकी मध्ये उभ्या. बाईंच्या हातात माझा पिस्त्याचा डबा, कठड्यावरून सोडवून आणलेला.

"हे बघ! ह्या रवीला विचार. पतपेढीत मॅनेजर हाय, तरी हे केलंन."

"रवीदादा, तुम्ही?" वैशाली हसायला लागली. मी माझी मॅनेजरकी सांभाळत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"हसू नको! ह्याच डब्यात तू तिकडं गरम करून पोटात घालणार."

"नाही गं आई. पूर्ण गार झाल्यावर भर. आणि खाताना मी काचेच्या बाऊलमध्ये काढून घेते, मगच गरम करते. प्लास्टिकमध्ये मी कधीच गरम करत नाही. मग तर झालं?"

बाईंनी पिस्त्याचा डबा खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"तरी नाय," त्या म्हणाल्या.

"अगं, पण का? आता काय राहिलं?"

"गार केलंस, काचेत काढलंस, सगळं केलंस. नि मग हा डबा?"

"टाकून देईन. तीच तर सोय आहे. परत आणायची कटकट नाही."

"तेच." बाईंनी प्लास्टिकची चळत हाताने दूर सारली. "तेच नको मला. गेला की गेला. माझा डबा घरात दिसला तर कधी तरी म्हणशील, आईचा डबा न्यायचाय."

मी कॅलेंडरवरची तीच ओळ पुन्हा वाचली. वैशालीला काय कळलं कोण जाणे. ती हलकेच म्हणाली, "सगळे डबे कुरिअरने पाठवून देऊ का तुला?"

"कुरिअरवाला काय माझ्या पोटचा हाय?"

शेवटी डबे स्टीलचेच भरले गेले. वैशालीने बाकीचे डिकीत टाकले. बिरड्याचा मात्र मांडीवर घेऊन बसली. गाडी वळेपर्यंत बाई फाटकाशी होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हरली बघ," आणि आत निघून गेल्या.

मी वर आलो. मनीषा बाजारात गेली होती. आमच्या फळीवर बाईंचे डबे नेहमीसारखे रेंगाळत पडले होते. मला एकदम लाज वाटली. म्हातारी बाई डबा परत येण्याची एवढी वाट बघते आणि आपण शेजारी राहून तिचे डबे दाबून ठेवतो! मी फळ्या धुंडाळल्या, फ्रीज बघितला, देवघराखाली एक सापडला, त्यात वाती होत्या. सगळे घासले, पुसले. एकात पोहे घातले, एकात गूळ, एकात पाचाडहून आलेल्या शेंगा. एकावर एक रचून हनुवटीने दाबत जिना उतरलो. आयुष्यात एक काम वेळेवर केल्याचा आनंद काय असतो, ते त्या दिवशी कळलं.

बाईंनी दार उघडलं. माझ्या हातातल्या चळतीकडे बघितलं.

"सगळेच आणलेस?"

"सगळे, बाई. एकही राहिला नाही. आता सकाळी तुम्हाला जिना चढायचा त्रास नको."

"नाय, बरं केलंस," बाई म्हणाल्या. डबे घेतले, आत नेले. मला बस म्हणाल्या नाहीत. पोटावरूनही बोलल्या नाहीत.

मनीषा बाजारातून आली. मी तिच्या हातातली पिशवी घेऊन सगळी हकीकत सांगितली. वैशालीची, कुरिअरची, आणि शेवटी, जरा छाती काढून, माझी. ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"एकही ठेवला नाहीत?"

"विसरभोळी तू, मी नाही."

"अहो, मी विसरत नव्हते," ती म्हणाली. "आता उद्या सकाळी बाई आपल्याकडे कशाला येतील? जा, परत खाली जा. बिरडं उरलंय का विचारा. आणि डब्यातून आणा."