बावीस वर्षांची सोबत

कपाटाची दारं सताड उघडून आतल्या कोटांच्या आणि रजयांच्या मधोमध माइक ठेवला की आवाज घुमत नाही, हा शोध दातवाल्याचा. म्हणून दर रविवारी सकाळी तीन चांगली मिळवती माणसं एका बेडरूममध्ये कपाटाकडे तोंड करून बसत आणि पॉडकास्ट करून जगाला हसवण्याचा घाट घालत. जग फारसं ऐकत नव्हतं. नातेवाईक, शेजारी, बँकेतले चार सहकारी आणि दातवाल्याचे पेशंट एवढाच श्रोतृवर्ग होता, आणि पेशंट तर नाइलाजानं ऐकत, कारण त्या वेळी त्यांचं तोंड उघडं असे.

बेडरूमचा मालक बँकेत कॅशियर होता. नोटा मोजतानासुद्धा कुणाला तरी नुकताच निरोप देऊन आल्यासारखा त्याचा चेहरा असे. शाळेपासून सगळे त्याला गंभीर म्हणत आले होते. पॉडकास्टवर त्याचं काम एकच, जड आवाजात कोडं घालायचं. मग दातवाला आणि वकीलबाई त्या कोड्यावर काहीही तयारी नसताना नाटक करत. दातवाला डॉक्टरकी करत असला तरी मनानं नटच होता, आणि वकीलबाई स्वतःच्या विनोदाला विनोदाच्या आधीच हसून घेई.

नियम दोनच होते, पण ते वकीलबाईनं घातलेले असल्यामुळे त्यातून पळवाट नव्हती. पहिला, समोरचा काहीही म्हणो, नाही म्हणायचं नाही. 'हो' म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची. दुसरा, कोड्याचं उत्तर आठवडाभर कुणाला सांगायचं नाही. अगदी जन्मदात्यालाही नाही.

गंभीरच्या बाबतीत दुसरा नियम पाळणं सोपं होतं, कारण जन्मदाता काही विचारतच नव्हता. आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. बाबा पहिल्यापासून कमी बोलत, पण गेला महिनाभर ते 'हं'च्या पुढे गेले नव्हते. "बाबा, जेवलात?" "हं." "बाबा, काही होतंय का?" "हं." गंभीरनं कान तपासून आणले, रक्त तपासून आणलं. सगळं ठणठणीत निघालं. बाबांनी एक धड वाक्य बोलावं, मग ते शिवी असलं तरी चालेल, इतक्यावर तो आला होता. ही गोष्ट त्यानं मित्रांना सांगितली नव्हती. अशा गोष्टी सांगायला चेहरा थोडा हलवावा लागतो.

त्या रविवारी दातवाला पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेला आणि ओरडला, "अरे, तुमचा तो जुना फ्रिज कुठे गेला?"

"बंद पडला. गेल्या महिन्यात भंगारवाल्याला दिला."

"तो जाड्या? ज्याचं दार लाथेनं लावावं लागायचं? काय सांगतोस! मग आज त्याच्यावरच कोडं घाल."

गंभीरनं कपाटाकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आज मन जड आहे. आमच्या घरातला एक जण गेला. बावीस वर्षं एका कोपऱ्यात उभा राहिला, कधी तक्रार केली नाही. सगळ्यांचं पोटात ठेवलं. उन्हातून आलेला माणूस आधी त्याच्यापाशी जायचा. जाताना मात्र त्याचं अंग तापलं होतं. सांगा, कोण?"

नियमाप्रमाणे दातवाल्यानं लगेच हंबरडा फोडला, "हो! आणि मला शेवटचं भेटताही आलं नाही!" वकीलबाई म्हणाली, "हो, आणि आता या घराचं कसं होणार? पोरानं दोन शब्द बोलावेत."

दोन शब्द बोलायला म्हणून गंभीर जो सुरू झाला तो थांबेना. परीक्षेच्या दिवसांत रात्री उठून आपण त्याच्यापाशी कसे उभे राहायचो, आई जाता-येता त्याच्या डोक्यावरून कशी हात फिरवायची, रात्री सगळं घर झोपलं की त्याचीच काय ती घरघर कशी ऐकू यायची आणि ती ऐकली की सगळं ठीक आहे असं कसं वाटायचं, हे सगळं तो बोलून गेला. शेवटी त्याचा आवाजच फुटला. दातवाला भर घालायला विसरला. वकीलबाई हसली नाही. भाग तिथेच संपला आणि सोमवारी सकाळी श्रोत्यांपर्यंत पोचला.

साडेनऊच्या सुमारास दातवाल्याला आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे गंभीरच्या बाबांची धाकटी बहीण. तिची कवळी दातवाल्यानंच केली होती, त्यामुळे ती त्याला घरचाच समजत असे. दातवाल्याचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते. त्यानं कोपरानं फोन उचलला.

"अरे, मी आत्ता ऐकलं. खरं का रे हे?"

आत्यासुद्धा नाटकात उतरली हे बघून दातवाल्याला भरून आलं. नियम म्हणजे नियम. "हो आत्या," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "आणि जाताना तुमचंच नाव घेत होते."

पलीकडून आलेली किंकाळी इतकी उत्तम होती की पेशंटनंही डोळे उघडले. "वा!" दातवाला म्हणाला, पण तोवर फोन बंद झाला होता.

पुढचं काम आत्यानं केलं. तिच्या हातात फोन असला की बातमीला पाय फुटत नाहीत, चाकंच लागतात. शेजारच्या काकूंना कळलं. बाबा तर सकाळीच जिन्यात दिसले होते, म्हणजे गेले ते बाबांचे थोरले भाऊ असणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. बँकेत बातमी पोचली ती रखवालदारामार्फत, कारण कॅशियरचा फोन ड्यूटीभर रखवालदाराच्या खणात ठेवायचा अशी तिथली पद्धत होती. खणातला फोन थरथर कापतोय आणि पडद्यावर एकामागून एक 'फार वाईट झालं' उमटतंय, हे बघून रखवालदार तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

मॅनेजर स्वतः काउंटरवर आले. त्यांनी गंभीरच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मन मोठं आहे. घरी असं झालेलं असताना कामावर आलात? निघा तुम्ही. आम्ही मागून येतोच."

"घरी काय झालंय, सर?"

"धीर धरा," मॅनेजर म्हणाले.

गंभीरनं फोनसुद्धा घेतला नाही. भर रस्त्यातून तो धावत सुटला. सकाळी निघताना "येतो" म्हटल्यावर बाबा 'हं' म्हणाले होते, आणि आपण दार ओढून घेतलं होतं. आपण थांबायला हवं होतं. 'हं' म्हणजे काय, हे बसून विचारायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा त्याच्या मनाशी जुळत होता.

दारात चपलांचा ढीग होता. तो आत शिरला, आणि समोर आपल्या नेहमीच्या खुर्चीत बाबा बसले होते. जिवंत. हातात चहाचा कप. भोवती अर्धी इमारत मान खाली घालून बसली होती.

"फार मोठा आधार होता हो," काकू म्हणत होत्या.

"बावीस वर्षांची सोबत," बाबा म्हणाले.

महिनाभरानंतरची ही पहिली तीन शब्दांची ओळ ऐकून गंभीर भिंतीला टेकला. त्याला रडावं की ओरडावं हेच कळेना. तेवढ्यात मॅनेजर पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ घेऊन पोचले. बाबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते बाबांपुढेच वाकून म्हणाले, "आपण त्यांचे कोण?"

"अगदी जवळचा," बाबा म्हणाले आणि गुच्छ घेतला.

मागोमाग दातवाला आणि वकीलबाई धापा टाकत आले. पेशंट गेल्यावर दातवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "अरे, आत्याला मी हो म्हणून बसलो," तो कुजबुजला.

"सगळ्यांना खरं सांगून टाकू," गंभीर म्हणाला.

"उत्तर सांगायचं नाही," वकीलबाईनं दटावलं. "आठवडा व्हायचाय."

गंभीरला नियमाची पर्वा नव्हती. त्याची जीभ वेगळ्याच कारणानं अडली होती. बाबा बोलत होते. कुणीतरी गेलंय असं समजून का होईना, म्हातारा माणसांत बसून बोलत होता. आता सगळ्यांसमोर 'अहो, ते फ्रिजबद्दल होतं' असं म्हटलं, तर बापाच्या दुःखाचा पोरानं तमाशा केला असं होणार, आणि मग 'हं'सुद्धा ऐकू यायचं नाही.

तेवढ्यात आत्या आली. एका हातात बॅग, दुसऱ्यात रुमाल. जिन्यापासूनच तिनं सूर लावला होता, "दादा! माझं नाव घेत गेलास रे..." दारात ती थबकली. दादा चहा पीत होता.

सूर अर्ध्यावर राहिला. आत्यानं रुमाल खाली घेतला, दादाला नीट न्याहाळलं आणि मग तिला असा राग आला की बॅग तिनं दातवाल्याच्या पायावरच टाकली. "मग गेलं कोण?"

काकू म्हणाल्या, "थोरले."

"थोरल्याशी मी गाडीतून बोलले!"

"मग वडील," मॅनेजर म्हणाले.

"वडील हे समोर बसलेत!"

मॅनेजरनी आपण फुलं कुणाला दिली ते पाहिलं आणि खुर्ची शोधू लागले. सगळ्यांच्या माना गंभीरकडे वळल्या.

"फ्रिज," बाबा म्हणाले.

काकूंनी हातातला कप खाली ठेवला.

"आमचा जुना फ्रिज. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासाठीच आलात." बाबांनी शांतपणे सगळ्यांकडे पाहिलं. "मी म्हटलं, उशिरा का होईना, आले लोक."

"जाताना ताप होता म्हणे," आत्या कशीबशी म्हणाली.

"कॉम्प्रेसर जळला," बाबा म्हणाले.

मग लोक हळूहळू उठले. गंमत अशी की कुणी हसलं नाही. जाताना प्रत्येकानं बाबांचा हात हातात घेतला, कारण आता काय म्हणावं हे माहीत नव्हतं आणि काहीच न म्हणता निघणंही बरं दिसत नव्हतं. मॅनेजर तर "त्यांच्या आत्म्यास..." इथपर्यंत येऊन थांबले. आत्या आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. दातवाला लंगडत तिच्या मागे माफी मागायला गेला, आणि नियमांत दुरुस्ती हवी, असं स्वतःशी पुटपुटत वकीलबाई चहाचे कप गोळा करू लागली.

गंभीर बाबांजवळ जमिनीवर बसला. "तुम्ही आमचं ऐकलंत?"

"दोनदा." बाबा फुलांकडे बघत म्हणाले. "तुझ्या आईनं पसंत केला होता तो. मला रंग आवडला नव्हता, भांडलो होतो आम्ही. ती गेल्यावर रात्री त्याची घरघर ऐकत झोपायचो. एक दिवस फिरून आलो तर कोपऱ्यात हा नवा. तू विचारलंसुद्धा नाहीस."

"बंद पडला होता, बाबा."

"माणूस बंद पडला तरी घरच्यांना सांगतात."

महिनाभराचं 'हं' गंभीरला एकदम कळलं. कान आणि रक्त तपासून हे सापडणार नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आता त्याला रडू आलं, आणि चेहऱ्यानं या वेळी काही अडवलं नाही.

थोड्या वेळानं दोघं फुलं घेऊन स्वयंपाकघरात गेले. एवढा गुच्छ मावेल असं भांडं घरात नव्हतं, म्हणून बाबांनी तो नव्या फ्रिजमध्येच ठेवला. दार अलगद लावलं, वाकून त्याला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हा काहीच बोलत नाही," ते म्हणाले.

"नवा आहे, बाबा. जुना झाला की बोलेल."

"हो," बाबा म्हणाले, "आणि तोवर तू बोलत जा."